तिसरा रविवार

मार्थाबाय मला बघायला आली तेव्हा तिने माझा चेहरा पाहिला नाही, हात पाहिले. मी वाडीतून तोंडली खुडून नुकतीच आत आले होते. तिने मला जवळ ओढलं, दोन्ही हातांची बोटं उलटीपालटी केली, अंगठ्याच्या नखावर स्वतःचं नख दाबून बघितलं आणि पप्पांना म्हणाली, "नख दनकट हाय पोरीचं." पप्पा खूश होऊन हसले. त्यांना वाटलं, पोरीची तारीफ झाली. झालीच होती म्हणा, पण ती सुनेची नव्हती. सुकेळी करायला कामाचे हात लागतात, आणि मार्थाबायच्या वाडीत त्या वर्षी राजेळी केळी अमाप आली होती.

सुकेळी आता दुकानात प्लास्टिकच्या डब्यात मिळतात आणि खाणाऱ्याला वाटतं, केळं उन्हात टाकलं की झालं. तसं नसतं. राजेळी पेंढ्यात दाबून पिकवायची, एकेक हाताने सोलायची, सालीचा एक धागाही अंगाला राहता कामा नये, कारण जिथे धागा राहतो तिथे काळा डाग पडतो. मग बांबूच्या मांडवावर ओळीने मांडायची. दिवसभर कावळे आणि माश्या हाकत बसायचं, दुपारी प्रत्येक केळं उलटायचं, ऊन उतरलं की सगळी गोळा करून पानांत झाकायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. असे सात-आठ दिवस गेले की ती मधासारखी सोनेरी होतात आणि मग त्यांना वाळलेल्या पानात घालून केळीच्याच सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या पट्टीने, करकचून बांधायचं. चिकाने बोटं जी काळी होतात ती नाताळपासून पावसाळ्यापर्यंत काळीच राहतात. मार्थाबायची सुकेळी साऱ्या गावात नावाजलेली होती. तिची पाठ मात्र दुखायला लागली होती, आणि घरात दोन मुलगेच.

आमचं घर गिरीजला, वाडीच्या मध्यावर. आई मी आठवीत असताना गेली. त्यानंतर घरात पप्पा आणि मी. विहिरीवरच्या पंपाची टुकटुक, संध्याकाळची देवळाची घंटा (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आणि रस्त्यावर पाणी भरायला आलेल्या टँकरांचे हॉर्न, एवढेच आवाज. माणिकपूरकडे नव्या इमारती चढत होत्या आणि त्यांची तहान आमच्या विहिरींवर भागत होती. मी दहावीत होते. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापून, पप्पांना सुक्या बोंबलाचं कालवण वाढून शाळेत जायचे. भूमिती मला फार आवडायची. आमच्या भूमितीच्या बाई म्हणायच्या, "सेलिना, तू पुढे शिक, मी तुझ्या पप्पांशी बोलते." त्या कधी बोलल्या नाहीत.

सेलिना हे नाव माझ्या आधी माझ्या बहिणीचं होतं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असती. आठ महिन्यांची होऊन तापाने गेली. मग मी झाले तेव्हा आईने हट्टाने तेच नाव मला दिलं. तिला वाटलं असेल, गेलेली परत आली. दर वर्षी मृतांच्या दिवशी आई मला दफनभूमीत न्यायची. लहानशा लाकडी क्रूसापुढे मेणबत्ती लावायची. पहिलीत असताना मी त्या क्रूसावरची अक्षरं जुळवून मोठ्याने वाचली, "से-लि-ना", आणि टाळ्या पिटल्या की मला माझं नाव वाचता आलं. आईने तोंडावर हात ठेवून मला गप्प केलं होतं.

मार्थाबाय ही त्या पहिल्या सेलिनाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच तिला हातांवर धरलं होतं. म्हणूनच लग्नाचं बोलणं चाललेलं असताना पप्पा जेव्हा म्हणाले, "पन पोरीला सोळावंच चाललंय, फादर लगीन लावनार नाय," तेव्हा तिला विचार करायला क्षणभरही लागला नाही. मी चुलीशी बसून ऐकत होते.

"दाखला पयलीचा काढा ना," ती म्हणाली. "नाव तेच, आईबाप तेच. तिला गेल्या महिन्यात अठरा झाली असती. कोन इचारतोय?"

"मेलेल्या पोरीचा?" पप्पा म्हणाले.

"मेली म्हनून बाप्तिस्मा खोटा होतो काय?"

पप्पा गप्प बसले. आमच्या पप्पांचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे मला आईच्या वेळेपासून ठाऊक होतं. मी उठून बाहेर आले आणि विचारलं, "माझी परीक्षा?" मार्थाबायने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "परीक्षेचं काय एवढं! आमच्या घरून बस की. का नाय?" ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत. तो फेब्रुवारीत सुरू होणार होता आणि परीक्षा मार्चात. म्हणजे सगळं त्याआधीच उरकायचं होतं.

लग्नाआधीचे तीन रविवार फादर मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, नवरानवरीची नावं वाचतात आणि सांगतात, कुणाला या लग्नाला काही हरकत माहीत असेल तर त्याने ती कळवावी. मी तिन्ही रविवार जाऊन बसले. फादर नवे होते, त्यांना काय माहीत. पण देवळात बसलेल्या दोन-तीनशे माणसांपैकी निम्म्यांनी माझ्या बहिणीच्या पेटीवर मूठ मूठ माती टाकलेली होती. पहिल्या रविवारी मला वाटलं, कुणीतरी उठेल. दुसऱ्या रविवारीही वाटलं. तिसऱ्या रविवारी मी मागे वळून भूमितीच्या बाईंकडे एकटक बघत राहिले. त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि त्यात मान घातली. गाणं तर सुरूही व्हायचं होतं. सगळा गाव मूग गिळून बसला. मी तेव्हा कुणाला शाप दिला नाही, मला शाप देता येत नव्हते. आता येतात.

लग्न थाटात झालं. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणलं, पिठाचे फुगे तळले, डुकराच्या इंद्यालाचे टोप उतरले, व्हिडिओवाल्याने माझ्या डोळ्यांवर झगझगीत दिवा धरला. नवरा विल्सन माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, स्वभावाने मऊ, आखातात कामाला. दीड महिना राहिला आणि गेला. त्याच्याबद्दल मला राग नाही, म्हणजे फारसा नाही. आईसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे आणि तेवढ्या एका गुणावर त्याने आयुष्य काढलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी कंपासपेटी घेऊन ओट्यावर आले तर मार्थाबाय म्हणाली, "आज ऊन कडक हाय. चार फण्या सोलून जा." चार फण्यांच्या वीस झाल्या. अकरा वाजता शाळेची घंटा वाडीपर्यंत ऐकू आली. हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले होते. मी सोलत राहिले.

पावसाळा सरता सरता विल्सन महिनाभर सुट्टीवर येऊन गेला, आणि पुढच्या वर्षी सुकेळीच्या भर मोसमात मला सातवा महिना होता. पाय सुजून चपलेत मावेनात. मांडवापाशी उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, डोकं ठणकायचं. मी सांगितलं. मार्थाबाय म्हणाली, "पयलटकरनीचे नखरे. मी विल्सनच्या वख्ताला नवव्या महिन्यापरत केळी उलटली." एप्रिलच्या एका दुपारी केळी उलटता उलटता मी मांडवावर आडवी पडले आणि मला झटके आले. रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं की माझं तोंड उघडायच्या आत मार्थाबाय म्हणायची, "एकोनीस." त्यांनी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून विचारलं. माझी जीभ दातांखाली चिरडली होती, मला बोलता आलं नाही. मुलगी झाली. एवढीशी. पाच तास जगली. नर्स आमच्यातलीच होती, तिनेच कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. नंतर डॉक्टरीणबाई मला एकटीला म्हणाल्या, "खरं वय सांग. सतरा ना? अंगात रक्त नाही, वय नाही, आणि दाब इतका वाढेपर्यंत आणलं नाही कुणी. तू वाचलीस हेच खूप." मी पडद्यामागे पडले होते आणि बाहेर मार्थाबाय कुणाला तरी सांगत होती, "पयलं जातं कदी कदी. हात मोकळे झाले, मोसम तरी पार पडंल."

ते वाक्य मी जपून ठेवलं. लोक म्हणतात, राग धरू नये, रागाने आपणच जळतो. मला हे सांगणाऱ्यांची मुलं जिवंत असतात. त्या रागाने मला जाळलं नाही, उलट जेवायला घातलं, सकाळी उठवलं, मांडवापाशी उभं केलं. पाच-सहा वर्षांनी मला मुलगा झाला, तो धडधाकट निघाला. मार्थाबायची सुकेळी आता खरं तर माझी सुकेळी होती. ती मात्र देवळातल्या महिला मंडळाची अध्यक्ष झाली, निळी फीत गळ्यात घालून पहिल्या बाकावर बसू लागली. मी तिला तोंडावर आई म्हणायचे. पप्पा दरम्यान गेले. त्यांच्यावरचा सूड राहून गेला, त्याला आता इलाज नाही.

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली आणि धाकटा दीर नेल्सन लग्नाचा झाला. मार्थाबायने कळंबच्या बाजूची एक मुलगी आणली. जॅकलीन तिचं नाव. सगळे जॅकी म्हणत. तिचा बाप बरीच वर्षं गुजरातेत कारखान्यात होता, तिचा बाप्तिस्मा तिकडचा, तिकडून दाखला "येतोय" असं सांगितलं होतं. घर बघायला आली तेव्हा ती माझ्याजवळ मांडवापाशी येऊन बसली, मी न सांगता एक केळं उचलून सोलायला लागली, आणि धागा ठेवला. मी तो काढला.

"कितवीला आहेस?" मी विचारलं.

"अकरावी, वहिनी. कॉमर्स. डिसेंबरमध्ये सोळा कंप्लीट झाली." मग हळूच म्हणाली, "लग्नानंतर बारावीला बसता येईल ना? मी आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, परीक्षेचं काय एवढं, आमच्या घरून बस की, का नाय."

शब्द न् शब्द तोच. माझ्या हातातलं केळं चिरडून गेलं. मी हात धुतले आणि आत गेले. आणि जे मला त्या क्षणी वाटलं ते इथे खरं लिहिते, कारण लिहायला बसलेच आहे तर खोटं कशाला. मला त्या पोरीची कीव आली नाही. मला आनंद झाला. बारा वर्षं मी वाट बघत होते आणि म्हातारीने स्वतःच्या हाताने मान पुढे केली होती.

दाखला आला नाही. येणारच नव्हता, कारण आला असता तर त्यावर जन्मतारीख असती. मग मार्थाबायने फादरांना लिहून दिलं की मी या मुलीला जन्मापासून ओळखते, हिला अठरा पूर्ण झाली आहेत. मंडळाच्या अध्यक्षबाईंची सही. फादरांनी मान्य केलं, का करणार नाहीत? मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन गुपचूप सांगू शकले असते. हरकत सांगायची रीत तीच आहे, कार्यालयात जाऊन हळू आवाजात. तसं केलं असतं तर घरातल्या घरात मिटलं असतं, "दाखला आला नाही म्हणून पुढे ढकललं" म्हणून मार्थाबाय मोकळी झाली असती. मला ते नको होतं.

पहिल्या रविवारी नावं वाचली. मी गप्प बसले. त्या आठवड्यात मंडपाचे वासे उभे राहिले, कार्डं वाटली, मार्थाबायने डुक्कर सांगून ठेवलं, बँड ठरवला. दुसऱ्या रविवारी नावं वाचली. मी गप्प बसले. त्या आठवड्यात फुग्यांचं पीठ दळलं, तिने नवी रेशमी साडी घेतली आणि मलाच विचारलं, "शोभंल ना गो मला?" मी म्हटलं, "शोभेल, आई." विल्सनचा फोन आला, त्याला सुट्टी मिळत नव्हती. बरंच झालं.

तिसऱ्या रविवारी देऊळ खच्चून भरलं होतं. जॅकी आईबापांसोबत आली होती, डोक्यावर पांढरी ओढणी. फादरांनी नावं वाचली, "तिसरी व शेवटची वेळ" म्हणाले, "कुणास काही हरकत माहीत असल्यास..." आणि मी उभी राहिले.

"मला माहीत आहे, फादर."

फादरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फादर म्हणाले, "मिस्सेनंतर कार्यालयात ये, बाळ."

"नाही फादर, इथेच सांगते. माझ्या वेळी सगळे इथेच गप्प बसले होते." माझा आवाज मुळीच कापला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. "या मुलीला सोळाच पूर्ण झालीत. तिच्या वयाची हमी मार्थाबायने दिली आहे. याच बाईने माझ्या लग्नाला माझ्या मेलेल्या बहिणीचा दाखला लावला होता. ही त्या बहिणीची धर्ममाता होती. तिच्या मातीलाही हजर होती. इथे बसलेले निम्मे लोक होते. आता सांगा, हिच्या सहीला काय किंमत?"

भूमितीच्या बाई, आता निवृत्त, तिसऱ्या बाकावर होत्या. मी त्यांच्याकडेही बघून घेतलं. या वेळी त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं.

मिस्सेनंतर कार्यालयात बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर निघालं. आमच्यात लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या ओळीपुढे समासात करतात. पहिल्या सेलिनाच्या ओळीपुढे माझं लग्न, माझ्या नवऱ्याचं नाव, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. दोन पानांपुढे माझी ओळ, तिच्यापुढे समास कोरा. मग मृतांचं रजिस्टर निघालं. आठ महिने वयाच्या मुलीची माती, आणि मग सतरा वर्षांनी तिचं लग्न. फादरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मार्थाबाय, तुम्हाला हे माहीत होतं?"

आणि मार्थाबाय, गळ्यात निळी फीत, संतापाने फुलून म्हणाली, "नाय कशी? मी धर्ममाता होते म्हनून तर मला तारीख पाठ होती!"

बोलून गेली आणि मग तिला कळलं. दारात मंडळाच्या बायका उभ्या होत्या, जॅकीची आई उभी होती, नेल्सन उभा होता. फादरांनी हात पुढे केला. तिने फीत काढली, पण ती केसांच्या आकड्यात अडकली आणि सोडवायला कुणी पुढे झालं नाही. मीही नाही. लग्न मोडलं. वासे उतरले. डुक्कर परत पाठवलं. फादरांनी माझ्यासमोर बहिणीच्या ओळीपुढची नोंद तांबड्या शाईने रद्द केली आणि माझ्या ओळीपुढे लिहिली. म्हणजे ती बिचारी सुटली. मी काय, होते तिथेच राहिले.

देवळाच्या पायऱ्या उतरताना मार्थाबायने माझं मनगट धरलं. "पयल्या रविवारी बोलली असतीस तर घरातल्या घरात मिटवलं असतं गो मी."

"म्हणूनच," मी म्हटलं. तो एक शब्द उच्चारताना जे सुख झालं तसं मला लग्नात झालं नाही, मुलगा झाला तेव्हाही झालं की नाही, सांगता येणार नाही. ती त्यानंतर नऊ वर्षं जगली. मिस्सेला मागच्या दारापाशी बसायची. मी वाडीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल मांडली आणि माझा स्वतःचा मांडव घातला. आजारपणात मी तिचं सगळं केलं, अंघोळ, औषधं, सगळं. तिने एकदाही माफी मागितली नाही आणि मागितली असती तर मी दिली नसती. आम्ही दोघी हे एकमेकींना ओळखून होतो, त्यामुळे बोलण्यात कधी अडचण आली नाही.

इथे हे प्रकरण संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्या रविवारनंतरच्या गुरुवारी दुपारी जॅकी एकटी सायकल मारत आमच्या वाडीत आली. डोळे सुजलेले. कळंबपासून इथवर तिला प्रत्येकाने थांबवून विचारलं होतं, तीच का ती मुलगी. कॉलेजात मुलं मागून बँड वाजवल्याचा आवाज काढत होती. तिची आई घराबाहेर पडत नव्हती. सायकल केळीला टेकवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही मला वाचवलंत, असं फादर म्हणतात. आई पण तेच म्हणते."

मी तिच्यापुढे बसायला पाट सरकवला, ती बसली नाही.

"तुम्हाला माझं वय तेव्हाच माहीत होतं. मीच सांगितलं होतं, इथेच बसून. मग पहिल्या रविवारी का नाही बोललात?"

मार्थाबायला सुनावलेलं ते "म्हणूनच" माझ्या तोंडात तयार होतं. या पोरीला मला ते ऐकवता येईना. मी मांडवावरची केळी उलटायला लागले, एक झालं, दुसरं झालं, आणि ती तशीच उभी राहिली. मग तिने सायकल वळवली आणि गेली. पुढे ती बी.कॉम. झाली, बँकेत लागली, सव्विसाव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं असं ऐकलं. मला बोलावलं नव्हतं. दर नाताळला मी तिच्या पत्त्यावर सुकेळीची एक जुडी पाठवते, एकही धागा न राहिलेली. ती दर वेळी परत येते, सोप न सोडलेली.

तिला द्यायचं उत्तर इतक्या वर्षांनी माझ्याकडे आहे, ते इथे लिहून ठेवते. जॅकी, मला तुला वाचवायचं नव्हतं, तिला पाडायचं होतं, आणि त्यासाठी तू पूर्ण पिकायची मी वाट पाहिली. मला त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली, तर मी पुन्हा तिसऱ्या रविवारीच उठेन.